कॅनमधलं पाणी

नेरूळ, रविवार
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय क्रांतीताई,
सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे ठीक. पोरींची परीक्षा कशी गेली? फोन सोडून पत्र कसं, म्हणशील. फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून.

द्रोणागिरीच्या गोदामांपुढची हिरवळ राखायचं काम मिळालं. येत्या शनिवारी सुरू. पण बसून चालवायची आपली दोन्ही गवत कापायची मशीनं बॅटऱ्या गेल्यामुळे उभी आहेत. उद्या अकरापर्यंत दुकानदाराला सांगायचंय, ॲसिडच्या घेऊ की लिथियमच्या? ॲसिडच्या स्वस्त, पण अवजड, आणि दर रविवारी पाणी भरा. लिथियम हलकी, जेवणाच्या सुट्टीत चार्ज होते, पाण्याची भानगडच नाही. कुणीही लिथियमच म्हणेल. मीही म्हणतो. मग आज तीनदा नंबर लावून तीनदा कापला कशाला?

आता खरं सांगतो. बाबांना नीट दिसत नाही, त्यांनी नळाचं पाणी भरून बॅटऱ्या घालवल्या, असं तुला सांगितलं होतं. एसटी डेपोच्या बॅटरी रूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस! ताई, ते पाणी माझं. डिस्टिल्ड वॉटर संपलं, वाशीला जायचा कंटाळा केला आणि रिकामा कॅन नळाखाली धरला. एकदा नाही, दोन महिने. बाबा विश्वासाने त्याच कॅनमधून भरत राहिले. बॅटऱ्या बसल्या तेव्हा मी सगळ्या कामगारांदेखत ओरडलो, "तुमाला दिसत नाय, तर हात कशाला लावता?"

त्यांनी ॲसिड मोजायची काचेची नळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. आता रविवारी गॅलरीत नुसते बसून असतात.

आज जेवताना म्हणाले, "लिथियमच घे, धम्मा. त्यात माज्या हातनं चूक तरी व्हनार नाय."



लिथियमच घेईन, कामाला तीच बरी. पण ती आली की पाण्याचा विषय मिटेल आणि मी सुटेन, असं मनात धरून बसलो होतो. त्याची लाज वाटते.

उद्या दुकानदाराला फोन करायच्या आधी हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे, मगच पोस्टात टाकणार. तुझ्या हातात पडलं, तर समज वाचून झालं.

तुझा भित्रा भाऊ,
धम्मपाल