कणसं मागायची, दाणे न्हाय

१४ मार्च
आज बी परत द्यायचा दिवस. माझ्याकडनं बी नेलेल्या पाचीजणी, पाच गावच्या. चौघींनी कणसं आणली. सारिका उशिरा आली, हातात पिशवी. पिशवीत दाणे.
"कणसं कुठंयत गं?"
"सासऱ्यानं समदीच मशिनीत घातली, मावशी. म्या बघतच राह्यले."
नेम साधा हाय. पायलीभर बी न्यायचं, दोन पायल्या परत द्यायचं, आन् तेबी कणसात. कणीस बघितलं की आपली दगडी ज्वारी हाय का दुसरी कुठली, आंधळीलाबी कळंल. सुट्ट्या दाण्याचं काय कळतंय? माझ्या सासूबाईचा नेम. त्यांच्या मागं माझा.
उषा फणकारली, "आमी पिशवीत आणलं असतं तर मावशीनं फाट्यापस्तोर पळवलं असतं."
म्हणलं, "तू सारिका हायेस का?"
समद्या हसल्या. कणसं बडवली, पाचीचं एकाच कोठीत ओतलं.

१९ मार्च
संस्थेच्या मॅडमचा फोन. पाचीतली एक तालुक्याला शिकवायला पाठवायची. धा गावच्या पोरी येणार. बी कसं निवडायचं, राखंत कसं ठिवायचं, दुकानाकडं न बघता कसं पेरायचं. मॅडमनी एक लांबलचक विंग्रजी शब्द सांगितला. म्हणलं, म्हंजे काय?
"आपलं बी आपल्या हातात, मावशी."
मंग तसं म्हणा की.
नाव कुणाचं? सारिकाचं. इचार करायला एक घोटबी च्या लागला न्हाय. तिलाबी कळवून टाकलं. तीन वर्सं शिकवलंय. उभ्या पिकातनं कणीस हेरावं तर तिनंच.

८ एप्रिल
उगवण बघायला कोठीतले शंभर दाणे वल्या धडप्यात गुंडाळले. गुडघा ठणकतोय. बाकी काय न्हाय.

११ एप्रिल
धडपं सोडलं. मोड चांगलेत. पण मधी मधी काही दाण्यांखाली गुलाबी डाग.
दुकानाच्या बियाला औषध चोळलेलं असतंय, त्येचा रंग. धुतला तरी दाण्याच्या टोकाला ऱ्हातोय. कणसातल्या दाण्याला कोण रंग लावतंय? मोकळे दाणे एकटीनंच आणलेले.
धडपं परत गुंडाळलं. परत सोडलं. डाग हायेतच.

१२ एप्रिल
चालत सारिकाच्या गावी गेले. औंदा गुडघ्यापायी तिचं रान बघायचं राह्यलंच हुतं. बघितलं. हरभऱ्याचं भुस्कट. ज्वारीचं एक धसकट न्हाय.
"सासऱ्यानं रानच दिलं न्हाय, मावशी."
"मंग माझं बी?"
"सासूबाईनं दळलं. मला कळलं तवा भाकरी तव्यावर हुती."
"येऊन सांगायचं हुतं."
"तुमीच म्हणता, जिचं बी परत येणार न्हाय तिनं माझा उंबरा चढायचा न्हाय."
म्हणते. लईदा म्हणलंय.
"म्हणून दुकानाचं धुऊन आणलंस?"
खाली बघत म्हणली, "दाणा तसाच दिसत हुता."
दिसत हुता! चौघींची वर्साची राबणूक त्येच्यात गेली. कोठी पेरायच्या कामाची न्हाय, आन् औषध लागलेलं, खायच्याबी न्हाय. माझ्याजवळ मूठभर बी मागं ठिवलेलं न्हाय. पाचीला वाटून मोकळी झालते. भरवसा!
पाण्याचा तांब्या आणला तिनं. घेतला न्हाय.

१५ एप्रिल
कोठीचं तोंड शेणानं लिंपून टाकलं. उषाचा फोन येऊन गेला, "बी कसं उगवलं?" म्हणलं, बघते. सांगितलं न्हाय अजून. काय सांगू, नेम आधी मोडला कुणी?
तरी तिनं माझ्या तोंडाकडं बघून दाणे वतले. त्येच डोळ्यापुढनं हालत न्हाय.

१८ एप्रिल
मॅडम. सोमवारी सकाळी सारिकाला कळंबला पाठवा, मंडप सांगितलाय. मंडप कशाला लागतोय बी निवडायला. "बघते" म्हणलं. हल्ली सगळ्यांना बघतेच म्हणते.

२० एप्रिल
सकाळी सारिका दारात. काल यष्टीनं तामलवाडीला, माहेरी जाऊन आली. फडक्यात नऊ कणसं.
"तुमाला न इचारता पेरायच्या टायमाला आईला तुमच्या बियातलं मूठभर दिलतं. तिनं बांधाच्या कडंनं टाकलं. ही आढ्याला टांगलेली हुती."
म्हंजे चोरून दिलतं. तेबी आज कळलं.
"आत घ्या की, मावशी."
"ठिव तिथंच."
ठिवली. तिनं उंबरा चढला न्हाय.
"उद्या कळंबला जाऊ का न्हाय, येवढं सांगा."
सूप वढून डाळ पाखडायला लागले. ती उभी राह्यली, मंग गेली.
हितनं दिसतंय. गच्च भरलेली, दगडीच. पर त्या दिवशी पिशवीत हात घातला तवाबी मला दगडीच वाटली हुती.
मॅडमचा फोन दोनदा वाजला. उचलला न्हाय.
कणसं भाईरच हायेत. चिमण्या पत्र्यावर येऊन बसल्यात.