पंचेचाळीस मिनिटांवरचा संसार

प्रिय साहेब,

इथलं सगळं आवरत आलंय. काउंटरमागची खुर्ची काल उचलून नेली, त्यामुळे काम उभ्यानं आणि हे पत्रही उभ्यानंच. अक्षराला नावं ठेवू नकोस.

लग्न ठरलं तेव्हा माझी आई धास्तावली होती. एकाची नोकरी डोंगराच्या अलीकडच्या विमानतळावर, दुसऱ्याची पलीकडच्या. तूच तिची समजूत घातलीस, की रस्त्यानं अख्खा दिवस मोडतो, पण विमानानं जेमतेम पंचेचाळीस मिनिटं. तुम्ही कुकर लावून ओटा पुसेपर्यंत लेक माझ्याकडे. आई हसली आणि मी फसले. कर्मचाऱ्याला रिकामी सीट असेल तरच बसता येतं, आणि आपलं विमान एवढंसं. ऊन तापलं की त्याला ओझं झेपत नाही. मग आधी कुणाला उतरवायचं? फुकट्याला. किती दुपारी नवी साडी नेसून मी माझंच नाव यादीतून खोडलंय!

राहिला तो फोन. विमान सुटलं की मी तुला 'निघालं' म्हणायचं, उतरलं की तू मला 'पोचलं'. एवढ्यावर आपण रुसलो, भांडलो, लाडात आलो. तुझ्या आवाजावरून मला कळायचं, तू जेवलायस की नाही. मधला सगळा वेळ माझा जीव टांगणीला, जणू विमानात मीच बसलेय.

इथली जागा रिकामी झाली तेव्हा तू बदलीचा अर्ज केलास. तो नामंजूर झाल्याचं सांगताना तुझा चेहरा एवढा पडला होता की मीच तुझी समजूत घालत बसले. त्या जागेवर तुझ्या सामानखात्यातले सहकारी आले, मला वहिनी म्हणतात म्हणून माझे भाऊजी. पुढे ही विमानसेवाच बंद होणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, राजीनामा द्यायचा आणि शेवटच्या विमानानं कायमचं तुझ्याकडे यायचं. तू म्हणालास, ये.

परवा खोकी बांधताना भाऊजींचे डोळे भरून आले. म्हणाले, वहिनी, साहेबांचे उपकार जन्मात विसरणार नाही, माझी आई इथं आजारी म्हणून त्यांनी स्वतःची मंजूर झालेली बदली मला दिली. मी मान डोलावली आणि दोरीला गाठी मारत राहिले. कारण चांगलंच आहे रे. मला सांगितलं असतंस तर तुझं कौतुकच केलं असतं. मग तो पडलेला चेहरा कशाला? तुला मी हवी होते, पण पंचेचाळीस मिनिटं लांब. तुझं ते 'ये' किती दमलेलं होतं, ते मला आत्ता ऐकू येतंय. फार लागलं मनाला.

हे वाचताना तू शिडीपाशी उभा असशील. सगळे उतरले, मी उतरले नाही, म्हणून हवाई सुंदरीनं तुला हे पाकीट दिलं असेल. आज इथं ढगाळ आहे, ओझ्याची अडचण नाही, माझी सीट पक्की होती. यादीतलं नाव या वेळी मी आपणहून खोडलंय. राजीनामा फाडला आणि नवी बदली घेतली. तिथून तुझ्या गावाला विमान जात नाही. आता आत जा आणि पोचल्याचा फोन कर. मी फोनजवळच असेन. पण 'पोचलं' एवढंच म्हण, दुसरं काही बोलू नकोस. मला रडू येईल, आणि बाहेर कुलूप घेऊन माणूस थांबलाय.

तुझीच,
काउंटरवाली