पाठ झालेला तक्ता

१४ ऑक्टोबर, मंगळवार
डोंगराच्या पायथ्याचं विश्रामगृह, खोली नंबर सहा

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तू, दाजी आणि मुलं मजेत असाल. आम्हीही ठीक आहोत, म्हणजे पप्पा ठीक आहेत आणि मी माझा नेहमीसारखा. पत्र पाहून दचकू नकोस. सात महिन्यांपूर्वी फोन मीच आपटला होता, त्यामुळे आता तुला फोन करायला तोंड नाही. शिवाय फोनवर आपण भांडतो. कागदावर तू मध्ये बोलत नाहीस.

आधी प्रवासाची हकीकत सांगतो. बस साडेतीन तास उशिरा सुटली. माझ्या सीटची पाठ मागे जात नव्हती आणि पुढच्या माणसाची सरळ होत नव्हती, त्यामुळे अकरा तास त्याचं टक्कल माझ्या मांडीवर. पप्पा मात्र खिडकीशी बसून दर वळणाला म्हणत होते, "काय त्याची करणी!" मी चारदा वाकून बाहेर पाहिलं. सिमेंटचे कारखाने होते. मी म्हटलं, "पप्पा, ही त्याची नाही, ठेकेदाराची करणी आहे." ते हसले. खरं तर माझी ट्यूब तेव्हाच पेटायला हवी होती.

खोलीचं काय सांगू? गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं आणि गारच्या नळाला काहीच येत नाही. सूप कालचं असतं की परवाचं, यावर आचारी आणि मॅनेजर यांच्यात मतभेद आहेत. आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तो डोंगर तीन दिवस ढगात. एक रेघ दिसेल तर शपथ. मॅनेजर म्हणतो, "साहेब, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी अगदी लख्ख होता." असं तोंड वर करून सांगणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

तुला पप्पांच्या टेबलावरचं ते जुन्या कॅलेंडरचं चित्र आठवत असेल. चाळीस वर्षं पाळकाचं काम केलं आणि दर दोन-चार उपदेशांत तो डोंगर आणला. देवाचं वैभव म्हटलं की डोंगर. आपण दोघं शेवटच्या बाकावर बोटांवर मोजायचो, आज डोंगर किती वाजता येणार. पण प्रत्यक्ष डोंगर त्यांनी कधी पाहिला नव्हता. या वर्षी मात्र धोशाच लावला, "एकदा ने. लवकर ने." आयुष्यात ज्यांनी जास्तीची पोळी मागितली नाही त्यांनी हट्ट धरला, आणि मी चष्म्याच्या दुकानाचं निमित्त सांगून सहा महिने टोलवत राहिलो. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशीच करतात.

काल मी वैतागून म्हटलं, "देवाला दाखवायचंच नसेल तर निदान पाटी लावावी, आज बंद म्हणून." पप्पा म्हणाले, "तो आहे तिथेच आहे रे. उठून थोडाच गेलाय?" मग मोठ्या समाधानाने ब्रेडला लोणी लावत बसले. लोणी ब्रेडच्या कडेवरून टेबलावर लागत होतं. मी त्यांना म्हटलं, नीट बघून लावा.

मी लांबण लावतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

आज सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही अंगणातल्या बाकावर बसलो होतो. मी वर्तमानपत्र वाचत होतो, परवाचं. एकदम लोक ओरडायला लागले. आचारी हातातला झारा घेऊन बाहेर आला. मी मान वर केली.

ताई, मला वर्णन करता येत नाही, ते खातं पप्पांचं. ढग बाजूला झाला होता आणि तो तिथे होता. इतका वेळ आम्ही त्याच्या पुढ्यात बसून सुपावर कुरकुरत होतो. मी ज्या उंचीवर आभाळ समजून पाहत होतो, तिथे त्याची कंबरसुद्धा नव्हती. माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. मी, जो रविवारी उपासनेच्या वेळेला शटर अर्धं उघडं ठेवून गिऱ्हाईक करतो, उभा राहिलो आणि टोपी काढली. का काढली ते मला विचारू नकोस.

मग मी पप्पांकडे वळलो. ते स्वयंपाकघराच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. ताठ, हात मांडीवर, चेहरा अगदी उजळलेला. म्हणाले, "लोक ओरडतायत. उघडलं का रे?"

मी त्यांच्यासमोर बसलो आणि तीन बोटं धरली. "किती?" ते गप्प. डावीकडे नेली, तरी गप्प. उजवीकडून हळूहळू नाकासमोर आणली तेव्हा म्हणाले, "तीन." डावा डोळा पूर्ण गेलाय, ताई. उजव्याने कुलपाच्या भोकातून दिसावं तेवढंच दिसतं. हे काचबिंदूचं काम आहे. असं एका महिन्यात होत नाही, दोन-तीन वर्षं लागतात. आणि त्यातलं गेलेलं परत येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगत आलोय.

मार्चमध्ये तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, पप्पा चहा कपाबाहेर ओततात, दाराला धडकतात, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. नंतर फोनवर पुन्हा तेच म्हणालीस, तेव्हा तो आपटण्याआधी मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. "डोळे बघायला मी आहे, तू इंजेक्शनं दे." वर हेही म्हणालो, की त्यांनी आठच दिवसांपूर्वी माझ्या दुकानात नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचलाय, एकही अक्षर चुकलं नाही. ते खोटं नव्हतं. वाचला होता.

आज मी तेच विचारलं. "मग पप्पा, दर वेळी तक्ता कसा वाचत होता?"

"अरे, तो मला पाठ आहे. पाच वर्षं रोज त्याच्यासमोर बसतोय."

निवृत्त झाल्यापासून दुकानात त्यांची खुर्ची कुठे होती? तक्त्याच्या बरोबर समोर. मीच ठेवली होती, येणारी-जाणारी माणसं दिसावीत म्हणून. माणूस अख्खी स्तोत्रं पाठ म्हणतो, त्याला अकरा ओळींची अक्षरं काय जड! आणि मी त्याच खुर्चीत, त्याच तक्त्यावर, वीस वर्षं या धंद्यात असून, त्यांची तपासणी करत होतो. डोळ्याचा दाब बघायला कुठे पाठवलं नाही. दोनदा फ्रेम मात्र बदलून दिली, हलकी यावी म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

मी भडकलो. हो, त्यांच्यावर. "सांगितलं का नाहीत?" इतका ओरडलो की आचारी झारा घेऊन पुन्हा बाहेर आला.

पप्पा म्हणाले, "तू विचारायचास, दिसतंय ना पप्पा? मी वाचलं की तुझा आवाज हलका व्हायचा. दिवसभरात तेवढाच." मग म्हणाले, "चुकलंच माझं. नजर आणखी जायच्या आत डोंगर पाहून घेऊ म्हटलं, मग सांगू. त्यालाही उशीर झाला."

उशीर कुणी केला, हे ते बोलले नाहीत. सहा महिने मी त्यांना टोलवलं होतं.

मला देवाचा भयंकर राग आलाय, ताई. तुला आवडणार नाही, तरी लिहितो. ज्याने आयुष्यभर न पाहता साक्ष दिली त्याच्यासमोर भिंत, आणि मला अख्खा डोंगर? हा कुठला हिशेब? हे मी पप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "हिशेबाचं नंतर भांड. आधी सांग, कसा आहे?"

मी त्यांना खांद्याला धरून डोंगराकडे वळवलं. म्हटलं, "मोठा आहे." "किती मोठा?" मी म्हटलं, "पप्पा, मान मागे टाकत जावं लागतं. वाटतं, संपला. तर तिथून तो पुढे सुरू होतो."

ते कितीतरी वेळ मान मागे टाकून बसून राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत हे वाक्य मला सुचलं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्याही, पण मी चष्मा पुसतोय असं दाखवलं. त्यांना दिसत नाही हे त्या क्षणी विसरलोच होतो.

ढग परत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "ताईला कळवशील ना?"

"डोंगर दिसला म्हणून?"

"नाही रे. तिचं खरं होतं म्हणून."

तर कळवतोय. तुझं खरं होतं. मला येतं असं मी जे समजत होतो त्यातच मी चुकलो, आणि तू सांगत असताना तुझ्यावर ओरडलो. माफी मागण्याची रीत मला कधी जमली नाही, हीच समज.

उद्याच्या बसला जागा नाही. परवा गुरुवारी निघून तिन्हीसांजेपर्यंत तुझ्या शहरात उतरतो, घरी न जाता. उद्याचा ड्रायव्हर हे पत्र तुझ्या हातात देईल. शुक्रवारी तुझ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. उजव्या डोळ्यात जे उरलंय तेवढं तरी टिकलं पाहिजे. त्यांना घेऊन आत तू जा. मी बाहेर बसेन. डॉक्टरांनी आतापर्यंत कोण तपासत होतं असं विचारलं, तर मला आत बोलाव. मी सांगेन.

गुरुवारी स्टँडवर ये. रागावलेली असलीस तरी ये.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. माझ्या सहीवरून आडवं गेलेलं अक्षर पप्पांचं आहे. त्यांना आशीर्वाद लिहायचा होता. मी पेन हातात दिलं, पण कागद कुठे संपतो ते सांगायचं मला सुचलं नाही. अर्धा आशीर्वाद इथल्या टेबलावर राहिला आहे. उरलेला ते तुला भेटल्यावर देणार म्हणतात.