अर्धा 'ह' इकडे, अर्धा तिकडे

३ मार्च, सोमवार

साहेब सकाळीच तापलेले. आमच्या हॉस्पिटलातून पेशंटना जाणाऱ्या मेलचा विषय काहींना असा दिसतोय — =?UTF-8?B?4KSk4KSq. लोकांना वाटतं फसवणूक, न उघडताच पुसून टाकतात. साहेबांचा उपाय तयार: विषय इंग्रजीत टाका. म्हणजे नळ गळतोय तर घरच विका! मी चार दिवस मागितले. तोंड असं केलं, जणू किडनी मागितली.

४ मार्च

मेलचा प्रोग्राम देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन. म्हणे, आमच्याकडे व्यवस्थित दिसतं. त्याच्याकडे कायमच सगळं व्यवस्थित दिसतं.

घरी सासूबाई — दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून एक ओळ सरळ होत नाही? नवरा टीव्हीत डोकं घालून. राग भाजीवर काढला. भाजी करपली. त्यावरही टोमणा.

६ मार्च

सापडलं! नुसता 'नमस्कार' धड जातो. 'तपासणीचा अहवाल तयार, डॉक्टरांना भेटा' फुटतो. म्हणजे लांबीची भानगड. मेलच्या माथ्यावर मराठी थेट जात नाही, इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या वेशात जाते. विषय लांब असला की तुकडे करून. आणि आमचा प्रोग्राम डोळे मिटून कापतो — थेट अक्षराच्या पोटातून सुरी. अर्धा 'ह' इकडे, अर्धा तिकडे. मग पेशंटच्या फोनला वेश उतरवता येत नाही, तो आहे तसंच दाखवतो.

आता तुकडा पूर्ण अक्षरावरच संपतो. बदल एवढासाच. त्यासाठी जीव खाल्ला मेल्याने.

७ मार्च

अहवाल तयार असूनही जे फिरकलेच नाहीत, त्या सगळ्यांना मेल पुन्हा पाठवले. नावं आम्हाला दिसत नाहीत. बटण तेवढं माझं. साहेब म्हणाले, मी म्हणतच होतो. काय म्हणत होता, बाबा?

८ मार्च

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. फोन पुढे केला. विषय स्वच्छ मराठीत.

छातीतल्या गाठीची तपासणी. मागच्या महिन्यात आमच्याच हॉस्पिटलात एकट्याच जाऊन आल्या होत्या. अहवालाचं काही कळलं नाही, तेव्हा काही निघालं नसेल असं धरून बसल्या.

"त्याला एवढ्यात सांगू नकोस," म्हणाल्या. "तू चल."

सोमवारची वेळ घेतली. रजा टाकली.