एकटीचा हापसा काढू नये म्हणून

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
ओंजळ ग्रामीण पाणी प्रकल्प (परदेशी साहाय्याने),
हिंगोली.

अर्जदार : चांगुणाबाई रामजी इंगोले, रा. मौजे सावळवाडी, पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली.

विषय : बौद्ध वस्तीतील हापसा काढून न नेणेबाबत, आणि शेवटी लिहिलेली दुसरी विनंती.

संदर्भ : हापसा ‘विनावापर’ ठरवून काढून नेण्याविषयी आपल्या माणसांनी गावात दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

अर्जदार वरील ठिकाणची कायम रहिवासी असून निराधार विधवा आहे. तिला लिहिता येत नाही, बोलता मात्र भरपूर येते. म्हणून सदर अर्ज तिचा पुतण्या लिहीत आहे. जिथे भाषा सरकारी आहे ती पुतण्याची समजावी, बाकीची तिची.

१. उन्हाळ्यात गावातले आड कोरडे पडत, तेव्हा पाणी फक्त वस्तीतल्या या हापशाला राही. मग वरच्या आळीच्या बायकाही हंडे घेऊन वस्तीत येत. तहानेपुढे शिवाशिव किती दिवस टिकणार? गावातले मोठे बागायतदार संतरामजी यांच्या पत्नी आशाबाई अर्जदाराच्या मागे नंबर लावून उभ्या राहत. भरलेला हंडा एकटीने डोक्यावर चढत नाही, दुसरीचा हात लागतो. आशाबाई म्हणत, “थांब चांगुणे, घाई काहून करून राहिलीस? मी लावते हात.” हे शब्द अर्जदाराला अजून पाठ आहेत. शिवाय ती आशाबाईंच्या व आणखी काही घरी पाणी भरून देई आणि सुगीला त्याबद्दल ज्वारी घेई. तिचे पोट त्यावरच होते.

२. पुढे आपला प्रकल्प आला. दूर देशातल्या लोकांनी गरिबांसाठी पैसा पाठवला, हे चांगलेच केले. अर्जदार त्यांना नावे ठेवत नाही. परंतु पाणी उताराने जाते, हा पैसा मात्र चढाने गेला. समितीचे अध्यक्ष संतरामजी झाले, देखरेखीची पगारी नोकरी त्यांचे चिरंजीव विजयकुमार यांना मिळाली, आणि नळाच्या पाण्यावर त्यांच्या गोठ्यात म्हशी वाढून दूध हिंगोलीला जाऊ लागले. वस्तीतल्या घरांनीही किडुकमिडुक मोडून लोकवर्गणी भरली व नळ घेतले. अर्जदाराकडे मोडायला काही नव्हते. ती संतरामजींकडे गेली असता ते म्हणाले, “वर्गणीबिगर नळ न्हाई बाई. कायदा तिकडूनच आलाय, आमी काय करावं?” ते खोटे बोलले नाहीत. आशाबाई तर मायेनेच म्हणाल्या, “आता नळ आला, तुला तकलीफ काहून द्यायची?” त्या मायेत अर्जदाराची ज्वारी गेली.

३. आता हापशावर अर्जदार एकटीच असते. हात लावायला कोणी नसल्यामुळे हंडा अर्धाच भरून कमरेवर नेते. तिची तक्रार पाण्याची नाही. तक्रार अशी की, दिवसच्या दिवस तिच्याशी कोणी बोलत नाही. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोण कोणाशी भांडले, हे सारे तिला हापशावर कळत असे. आशाबाईंच्या लेकीचे, मंजुषाचे, लग्न ठरल्याचे तिला दारात मांडव दिसल्यावर कळले. हे वाक्य कार्यालयाच्या कामाचे नाही म्हणून पुतण्याने गाळले होते. अर्जदाराने पुन्हा लिहायला लावले.

४. गेल्या महिन्यात आपल्या लोकांच्या लक्षात आले की, प्रकल्पापूर्वीच्या हालांचा फोटो काढायचा राहूनच गेला आहे, आणि परदेशातल्या साहेबांना तो दाखवणे भाग आहे. विजयकुमार यांनी निरोप फिरवला की, बायकांनी जुनी लुगडी नेसून रिकामे हंडे घेऊन हापशावर यावे. निरोप नळवाल्या घरी गेला, अर्जदाराच्या घरी गेला नाही. तिला वाटले, नळ बिघडले आणि बायका परत आल्या. तिने लगबगीने ओटा धुतला. दांडा स्वतः मारून एकेकीचा हंडा भरून दिला. आशाबाईंनी तिच्या हंड्याला हात लावून तो डोक्यावर चढवला, तेवढ्यात फोटो निघाला. लगेच सगळ्यांनी आपापले हंडे तिथेच ओतले आणि हसत घरी गेल्या. घरी नळ असताना ओझे कोण नेणार? अर्जदार भरला हंडा घेऊन ओट्यावर उभी राहिली. साहेब, हंडा उतरवायलाही हात लागतो.

सबब विनंती की, सदर हापसा वापरात आहे, अर्जदार तो वापरते, तरी तो काढू नये. अर्जदार नळ मागत नाही. नळ मिळाला तर ती घरातच बसेल आणि मग ती आहे की नाही, हेही कोणाला कळणार नाही.

दुसरी विनंती अशी की, तो फोटो खराब निघाला असे आपण गावात कळवावे आणि बायकांना पुन्हा एकदा हापशावर बोलवावे. आपल्या माणसाने नुसते समोर उभे राहावे आणि जरा वेळ लावावा. कॅमेऱ्यात फिल्म नसली तरी चालेल.

आपली नम्र व दिवसभर हापशाजवळच सापडणारी,

(डाव्या हाताचा अंगठा)
चांगुणाबाई रामजी इंगोले

लिहिणार : प्रेमानंद इंगोले
दिनांक : १७ मे २००४

सोबत : शिधापत्रिकेची नक्कल (कुटुंबातील व्यक्ती : एक).