नळीतलं रक्त

अहेरी, ९ डिसेंबर १९५५

चि. वच्छलेस ताईचा मायेचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघ्यांची सूज उतरली, म्हणून काल डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं. काचेच्या बारीक नळीत ते तासभर उभं ठेवतात. लाल भाग जितका भरभर खाली बसेल, तितका शरीरात दाह जास्त.

माझं भरभर बसलं. वर राहिलेलं पिवळसर पाणी पाहून सोबत आलेली आमची स्वयंपाकीणबाई भागीरथा घाबरली. "बाई, तुमच्या रक्ताचं त पानी होऊन राह्यलं! मीठ नाई खात, मंग काय होईन?" संध्याकाळी तिने तळ्यातले मासे रांधले, डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ भरपूर घालून! मी हसले, तर धाप लागली.

दाह हृदयापर्यंत पोचलाय, त्यामुळे ते थकतं, असं डॉक्टर म्हणतात. रक्त सावकाश बसू लागेपर्यंत प्रवास नाही. तुझ्या सुमनच्या लग्नात माझ्यासाठी खोळंबू नका.

तिचा शालू आणला का? तुझा खोकला कसा आहे?

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये मी तापाने पडले, की सिस्टरची नजर चुकवून तू माझ्या खाटेवर येऊन बसायचीस. लग्नाची गडबड सरली की ये, वच्छे. काही आणू नकोस. नुसती ये.

तुझीच,
ताई