चार एकर मोकळी माती आणि तिचे वारस

मी, टेहळणी मनोऱ्यावरची बाई म्हणून आसपास सगळ्यांना माहीत असलेली, वय वर्षे अडुसष्ट, वणव्यावर नजर ठेवण्याच्या नोकरीतून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही, ती पुढच्या महिन्यात बदलायची आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. घाई आहे ती फक्त गवतामुळे. त्याला तुरे फुटू लागलेत, आणि बी झडायच्या आत हा कागद उरकून मला पुन्हा खुरपे हातात घ्यायचे आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या वर्षी केले असते तर त्यात नुसता राग भरला असता.

कलम १. माझ्या पगारातून बांधलेले दोन खोल्यांचे घर, पुढची पडवी आणि पाण्याची टाकी माझ्या मुलाला, म्हणजे थोरल्याला द्यावी. उतारावरची जमीन सौरपट्ट्यांच्या कंपनीला विकून टाकावी म्हणून तो चार वर्षे माझ्या मागे लागला होता. "आई, तिथे आहे काय? माती आणि काटक्या!" असे म्हणायचा. बाळा, मी तुझ्यावर रुसलेली नाही. घर ठेव, नाहीतर वीक. एकच अट आहे: अंगणात शोभेचे म्हणून परके गवत लावायचे नाही. रोपवाटिकेवाला कितीही गोड बोलला तरी नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांनी सारखे वाटून घ्यावे. यावर भांडाल तर मी वरून बघेन, आणि लांबचे बघण्यात माझा हातखंडा आहे.

कलम ३. माझी दुर्बीण आमच्या जुन्या साहेबांना पोचती करावी. का, ते सांगणे भाग आहे.

मी चोविसाव्या वर्षी मनोऱ्यावर चढले. पहिल्या नऊ वर्षांत मी सात आगी कळवल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी आमच्या अंगणाएवढी होती. वीज पडायची, एखादे झुडूप पलित्यासारखे पेटायचे आणि तिथेच विझायचे. शेजारचे झुडूप दहा पावलांवर. मधे उघडी माती, तिच्यावर काळपट पापडी. आगीला पुढे जायला वाटच नसायची. मग परके गवत आले. हिवाळी पावसावर ते तरारून उठते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळून खडखडीत होते. झुडपांमधल्या सगळ्या मोकळ्या जागा त्याने भरून टाकल्या. आता ठिणगी पडली की आग या झुडपावरून त्या झुडपावर सतरंजीवरून चालावी तशी जाते. आमच्या झुडपांना जळायची सवय नाही, ती मुळापासून मरतात. गवत मात्र पुढच्या पावसाला पहिल्यापेक्षा दाट उगवते, आणि दाट गवत आणखी लवकर पेटते.

हे सगळे मी साहेबांना आठ पानी पत्रात कळवले. उत्तर दोन ओळींचे आले: "गवत हा आपल्या कामाचा विषय नाही. धूर दिसल्यास कळवावे." साहेब, दुर्बीण घ्या आणि निवांत बघा. धूर दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

कलम ४. उतारावरचा चार एकरांचा तुकडा ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो कोणाला द्यायचा हे कळायला आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर लपवली.

ते गवत आमच्याकडे आणले माझ्या धाकट्या दिरांनी. त्यांचा मेंढ्यांचा कळप आहे. दुष्काळाचे वर्ष होते, मेंढ्या मरत होत्या, आणि कोणी तरी त्यांना चारा म्हणून बियांचे एक पोते दिले. बारा वर्षांनी तो मोठा वणवा झाला. धूर मीच पहिल्यांदा पाहिला. माझे यजमान पाण्याचा टँकर चालवत. दोन दिवस दोन रात्री ते त्या धुरात होते. त्यानंतर त्यांच्या छातीत कधीच पुरता श्वास भरला नाही. पाच वर्षांनी ते गेले. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या दिरांना मी चारचौघांत म्हटले, "तुमच्या गवताने खाल्लं त्यांना." त्यानंतर मी त्यांच्याशी सतरा वर्षे बोलले नाही.

त्याच हिवाळ्यात मी गवत उपटायला बसले. पहिल्या वर्षी अंगणाएवढी जागा झाली, सहाव्या वर्षी एक एकर, आणि मग सगळा तुकडा. ओल असेतो मुळासकट उपटायचे, पोत्यात भरून बाहेर न्यायचे. पुढच्या वर्षी जमिनीतले जुने बी पुन्हा उगवते, तेव्हा पुन्हा बसायचे. लोक म्हणायचे, बाईचे डोके फिरले, वाळवंट झाडते.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी डोंगराच्या खांद्यावरून वणवा उतरला. मी घरातून धावत तुकड्यावर गेले. पाहते तर समोरून दीर येत होते, आणि त्यांच्यापुढे दोनशे मेंढ्या. तिन्ही बाजूंनी गवत पेटलेले. ते माझ्या बांधाशी येऊन थांबले. अशा वेळीही पाऊल आत टाकेनात.

"भाऊजी, आत या!" मी ओरडले. सतरा वर्षांतले माझे पहिले शब्द.

"मेंढ्या तुमची माती तुडवतील, वहिनी."

"तुडवू द्या! आत या आधी!"

मेंढ्या घुसल्या. आम्ही मधोमध उभे राहिलो. पुरुषभर उंचीची आग बांधापर्यंत आली आणि खाली बसली. अक्षरशः बसली! कडेची दोन झुडपे गेली. बाकी आग उघड्या मातीच्या कडेने चरफडत पुढे निघून गेली. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होते आणि रडतही होते. मेंढ्या शिंकत होत्या.

अग्निशामक गाडीचा ड्रायव्हर धुरातून आला आणि चक्रावून म्हणाला, "बाई, तुमच्याकडे तर जळायलाच काही नाही!"

"तेच तर कमावलंय सतरा वर्षं!" मी म्हटले.

तो गेल्यावर माझ्याने राहवेना. "भाऊजी, त्या पोत्यातलं अर्धं बी मी पेरलं होतं. मनोऱ्याभोवती. हिरवं दिसेल म्हणून."

"ठाऊक आहे," दीर म्हणाले. "अर्धं पोतं मीच तर तुम्हाला मनोऱ्यापाशी आणून दिलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलणंच टाकलं होतंत. सांगणार कुणाला?"

"लोकांना सांगायचं!"

"दादा गेल्यावर तुमच्याकडे तेवढा रागच उरला होता, वहिनी. तोही काढून घेऊ?"

हे मी इथे लिहून ठेवते, कारण दोष वाटायचा तर दोघांत वाटला जावा. माझ्या पश्चात कोणी माझ्या दिरांना एकट्याला बोल लावू नये.

या हिवाळ्यात ते माझ्याबरोबर उपटायला येतात. त्यांच्या मेंढ्या रस्त्याच्या कडेचे कोवळे गवत वाळायच्या आत खाऊन टाकतात, तोही आगीला अडवणारा एक पट्टा झाला. आणि गेल्या मंगळवारी ते बांधापलीकडून ओरडले, "वहिनी, पळत या!" झडपेची पर्वा न करता मी पळाले. जळून कोळसा झालेल्या उतारावर, माझ्या बांधापासून चाळीस पावलांवर, एका अर्धवट जळालेल्या खोडाच्या सावलीत इवली इवली रोपे होती. गवत नव्हते ते! आमची झुडपे! माझ्या तुकड्यात वाचलेल्या झुडपांचे बी वाऱ्याने नाहीतर मुंग्यांनी तिकडे नेले होते. तीस वर्षांत जळालेल्या जमिनीवर असे रोप मी एकदाही पाहिले नव्हते. ती वाढायला माणसाचे आयुष्य लागेल. पण जळालेली जमीन परत घेता येते! हे मला मरायच्या आत कळले. याहून मोठी मिळकत माझ्याकडे नाही.

तरी सदर चार एकर मी माझ्या मुलीला, धाकटीला, देत आहे. ती दातांच्या कवळ्या बनवते, तिच्या बोटांना चिकाटी आहे आणि गवताचा कोंब व झुडपाचे रोप तिला लांबून वेगळे ओळखता येते. जमीन तिने विकू नये, गवत उपटायची हद्द दरवर्षी थोडी बांधाबाहेर सरकवावी. पलीकडच्या मालकाची लेखी परवानगी मी मिळवली आहे, ती सोबत जोडली आहे. माझे दीर हयात असेतो त्यांना या जमिनीवर येण्याचा, बसण्याचा आणि गवत उपटण्याचा हक्क राहील. तो हक्क माझी मुलेही काढून घेऊ शकणार नाहीत.

कलम ५. दोन पहारी, तीन खुरपी आणि गुडघ्यांना बांधायच्या रबरी गाद्या दिरांना. त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत.

कलम ६. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून ड्रायव्हर आणि डॉक्टरीणबाईंना आताच चहा पाजत आहे.

वरील सर्व मजकूर मी हजर असलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दीर गवतातून उठले नाहीत, तिथूनच ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "वहिनी, हा हक्क तुमच्या मागं मिळणार ना? मग तोवर काय?"

"तोवर रोज सकाळी सहाला यायचं," मी म्हटले. "उशीर केलात तर कलम खोडीन."

मजकूर बरोबर आहे. माझ्या राजीखुशीने सही करते.

सही: मनोऱ्यावरची बाई

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
१. अग्निशामक गाडीचा ड्रायव्हर
२. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (लिहिणारीची नाडी जलद आहे, शुद्ध पूर्ण आहे)

ठिकाण: चार एकरांची वरची कड, उपटलेल्या गवताच्या पोत्यांशेजारी
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा